जुन्या हेलिकॉप्टरवर नवा टेहळणी कॅमेरा बसवताना या चुका टाळा

‘कॅमेरा खराब आहे’ म्हणून माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारींपैकी बहुतेकांत कॅमेरा ठणठणीत निघाला. दोष होता तो हेलिकॉप्टरमध्ये, नाहीतर कॅमेरा आणि हेलिकॉप्टर यांच्यामधल्या दोन फुटांत. ब्रॅकेट, रबराचे आयसोलेटर, केबलचा जुडगा, अर्थिंगची पट्टी, कुठल्या तरी डब्यातून येणारा उंचीचा आकडा. माहितीपत्रकात या दोन फुटांचा फोटो नसतो, त्यामुळे खरेदीच्या बैठकीत त्यावर कोणी बोलत नाही. सगळी चर्चा झूम किती आणि थर्मल (उष्णतेवरून चित्र दाखवणारा कॅमेरा) किती लांबचं दाखवतो यावरच होते. मग सहा महिन्यांनी फोन येतो की चित्र हलतंय.

त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्यात की आता लिहूनच टाकतो.

‘जायरो आहे ना, सावरून घेईल’

नाही घेणार. जायरो (फिरणं ओळखणारा सेन्सर) आणि त्याच्या मोटरी कोनातली हालचाल सावरतात. रोटरमधून येणारे सरळ धक्के अडवायचं काम आयसोलेटरचं. ते धक्के आत पोचले की कॅमेऱ्याच्या बॉलमधल्या (कॅमेरा ज्यात बसतो त्या गोल, फिरत्या डब्यातल्या) जराशा असमतोलामुळे त्यांचंच कोनीय थरथरणं होतं. आणि इथे थरथर म्हणजे किती? अर्ध्या अंशाचं दृश्य १९२० पिक्सेलवर पसरलं, तर एक पिक्सेल सुमारे साडेचार मायक्रोरेडियनचा होतो, म्हणजे १० किलोमीटरवर साडेचार सेंटिमीटर. एवढ्या बारीक कामात ‘थोडंसं कंपन चालतं’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे एका हेलिकॉप्टरचे आयसोलेटर दुसऱ्यावर जसेच्या तसे लावणं. ब्लॅक हॉकचा मुख्य रोटर मिनिटाला २५८ फेरे घेतो आणि पाती ४, म्हणजे ढाच्याला सेकंदाला १७.२ धक्के. ह्यूईचे फेरे ३२४, पण पाती २, म्हणजे १०.८ धक्के. आता १० हर्ट्झ नैसर्गिक कंप्रतेचा आयसोलेटर घ्या. धक्क्यांची कंप्रता आयसोलेटरच्या कंप्रतेच्या साधारण १.४ पट झाल्यावरच आयसोलेटर धक्के गिळायला लागतो. ब्लॅक हॉकवर हे गुणोत्तर १.७ येतं, काम होतं. ह्यूईवर ते १.०८ येतं, आणि तोच आयसोलेटर धक्के कमी करायचं सोडून वाढवतो. भाग तोच, बोल्ट तेच, कागदावर सगळं पास. हा गुणाकार करायला पाच मिनिटं लागतात आणि तो केलेला मला क्वचितच सापडतो.

एका ठिकाणी मात्र गुणाकार केलेला होता, आयसोलेटरही बरोबर होते, तरी चित्र हलत होतं. रुंद दृश्यात उत्तम, झूम केलं की थरथर. बॉल बदलला, थरथर तशीच. मग कंपनीचा माणूस बोलावून जायरोची सेटिंग्ज बदलली. थरथरीचा सूर जरा बदलला, ती गेली नाही. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा प्रकार. मी गेलो तेव्हा तिसरा बॉल मागवायची फाइल तयार होती. इंजिन बंद, रोटर थांबलेला. बॉलला तळहातानं हलकेच ढकलून पाहिलं. डावीकडे मऊ सरकला, वर-खाली मऊ, आणि उजवीकडे दगड. मागे पाहिलं तर कोणीतरी सफाईदारपणे केबलचा जाडजूड जुडगा ताणून नाकाच्या ढाच्याला बांधला होता. बांधणी सुंदर होती हो, फोटो काढावा अशी. पण आयसोलेटरला बगल देऊन सगळे धक्के त्या केबलमधून थेट बॉलमध्ये जात होते. क्लॅम्प मागे सरकवला, केबलला मोकळा वळसा ठेवला आणि त्याच दिवशी उड्डाण झालं. थरथर गेली.

तेव्हापासून माझी सवय झाली आहे. चित्र हलतंय म्हटलं की लॅपटॉप उघडायच्या आधी तळहात. चारही दिशांना ढकलायचं. एखादी दिशा घट्ट लागली, की तिला कोण धरून बसलंय ते शोधायचं. नव्या पोरांना हे पटत नाही, त्यांना आधी आलेख हवा असतो. आलेख काढा, जरूर काढा, पण त्यातून थरथर आहे एवढंच कळतं, केबल कुणी आवळली ते कळत नाही.

वजनाचा हिशेब

१५ इंची वर्गातला बॉल ४०-४५ किलोच्या घरात जातो. त्यात ब्रॅकेट आणि केबल धरा. हे सगळं नाकावर, म्हणजे गुरुत्वमध्याच्या सगळ्यात पुढे. मग शेपटीत बॅलास्ट, म्हणजे तोल साधायचं वजन, टाकून जमवतात. चालतं, पण तो बॅलास्ट तुमच्या इंधनातून किंवा माणसांतून वजा होतो, हे कोणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं. एक पायलट आणि अर्धी टाकी, अशा टोकाच्या अवस्था तपासल्याशिवाय सही करू नका.

कॅमेरा कुठे?

जागा रिकामी आहे म्हणून तिथे बसवणं हे कारण होऊ शकत नाही. अमेरिकी टेहळणी हेलिकॉप्टर कायोवा ओएच-५८डीवर कॅमेरा रोटरच्याही वर, मास्टच्या (रोटरच्या उभ्या दांड्याच्या) टोकाला होता. झाडांआड लपून फक्त डोळा बाहेर काढायचा, हे त्याचं काम. पुढे कामं बदलली, खाली पाहणं वाढलं, आणि २०१३ मध्ये उडालेल्या ओएच-५८एफमध्ये तो नाकाखाली आणला गेला. (तो प्रकल्प पुढे गुंडाळला गेला, त्याची कारणं वेगळी.) आधी काम ठरवा, मग जागा. आणि पोटाखाली बसवत असाल तर इंजिनाचा गरम झोत, स्किड (उतरायच्या दांड्या) आणि उघडलेलं दार कुठल्या कोनात आडवं येतं त्याचा नकाशा उड्डाणाआधीच काढा.

जागा चुकते म्हणून ‘करेक्शन’ टाकणं

याच्यावर माझा खरा राग आहे.

कॅमेऱ्यानं जमिनीवरच्या वस्तूचे अक्षांश-रेखांश सांगायचे असतात. ते चुकतात. मग कोणीतरी हुशार माणूस मोजमाप करतो, चूक अमुक मीटर उत्तरेला आहे म्हणतो आणि सॉफ्टवेअरमध्ये तेवढा आकडा टाकून मोकळा होतो. चाचणीच्या मैदानावर सगळं जुळतं. टाळ्या.

असंच एक टाळ्या घेतलेलं हेलिकॉप्टर दुसऱ्या तळावर गेलं आणि तिथे जागा पहिल्यापेक्षा जास्त चुकायला लागली. स्थानिक चमूनं त्यावर आणखी एक करेक्शन तक्ता बनवला. त्यांचं म्हणणं होतं की कॅमेऱ्याचं गणितच कच्चं आहे, कारण लेझरनं अंतर मोजलं की आडवी जागा बरोबर येते आणि लेझर बंद असला की चुकते. हातात एवढा मोठा धागा असून कोणी तो ओढला नव्हता. लेझर असताना अंतर मोजलेलं असतं. लेझर नसताना संगणक नजरेची रेघ जमिनीपर्यंत लांबवतो, आणि त्यासाठी त्याला स्वतःची उंची लागते. म्हणजे संशय उंचीवर.

डेटा बसवरून (हेलिकॉप्टरमधली उपकरणं ज्या वायरीवर आकडे पाठवतात तिच्यावरून) उंची येत होती समुद्रसपाटीपासूनची. कॅमेऱ्याचा संगणक ती जीपीएसच्या एलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासूनची) समजत होता. या दोन उंचींतला फरक जगात ठिकाणानुसार बदलतो, काही भागांत १०० मीटरच्या आसपासही जातो. त्या भागात तो ६० मीटर धरा. १० अंश खाली पाहत असाल तर जमिनीवर चूक ३४० मीटर. ५ अंशांना जवळपास ७०० मीटर. आणि दुसऱ्या तळावर हा फरकच वेगळा, म्हणून पहिला तक्ता तिथे उपयोगाचा नव्हता. एका सेटिंगचा प्रश्न होता. दोन्ही तक्ते पुसले, सेटिंग बदललं, संपलं.

जागा चुकली तर आधी चुकीचा स्वभाव पाहा. मी सर्व्हे केलेली एक खूण धरतो आणि तिच्याकडे आधी उभ्या कोनातून, मग आडव्या कोनातून बघायला लावतो. नजर आडवी होत जाईल तशी चूक नजरेच्याच दिशेत वाढत गेली, तर उंची चुकते आहे. चूक बाजूला पडते आणि अंतराच्या प्रमाणात वाढते, तर बोअरसाइट (कॅमेऱ्याची नजर हेलिकॉप्टरच्या अक्षाशी जुळवणं) किंवा हेडिंग (नाकाची दिशा). एक मिलिरेडियनची बाक म्हणजे १ किलोमीटरवर १ मीटर, एका अंशाची म्हणजे १० किलोमीटरवर पावणेदोनशे मीटर. आणि सरळ उडताना ठीक पण वळताना चुकतं, डावं-उजवं वळण बदललं की चुकीची बाजूही बदलते, तर घड्याळं जुळलेली नाहीत. हेडिंग १०० मिलिसेकंद शिळं असेल आणि हेलिकॉप्टर सेकंदाला १० अंश वळत असेल, तर एक अंश गेलाच.

तिन्ही रोगांची लक्षणं वेगळी आहेत. एकच आकडा टाकून तिन्ही दाबता येतात, एका दिवसापुरते. बॉल काढून परत लावला तर बोअरसाइट पुन्हा करा. ‘त्याच भोकांत तेच बोल्ट बसवलेत’ हे ऐकून मी हल्ली फक्त मान हलवतो.

झटपट सांगायच्या गोष्टी

एका जनरेटरवरून दुसऱ्यावर जाताना वीज क्षणभर जाते, मिल-एसटीडी-७०४ या विमानातल्या विजेच्या अमेरिकी लष्करी मानकात त्यासाठी ५० मिलिसेकंदांपर्यंत मुभा आहे. तेवढ्यात कॅमेरा रीस्टार्ट होत असेल तर शीतन असलेला थर्मल डिटेक्टर पुन्हा उणे २०० सेल्सिअसच्या जवळ जाईपर्यंत कित्येक मिनिटं तुम्ही आंधळे. उड्डाणातच कळण्यापेक्षा हँगरबाहेर जनरेटर बदलून पाहा.

१५५३ या जुन्या लष्करी डेटा बसचा वेग सेकंदाला १ मेगाबिट. एचडी व्हिडिओला एचडी-एसडीआय या व्हिडिओ जोडणीवर सेकंदाला १.४८५ गिगाबिट लागतात. तरीही ‘जुन्याच वायरिंगवरून नेता येईल का’ असं दर प्रकल्पात कोणीतरी विचारतंच.

रंग खरवडल्याशिवाय बाँडिंग (धातूला धातूचा विजेचा जोड) होत नाही. मिलिओहम मीटर लावा, २.५ मिलिओहमच्या आत आणा.

प्रत्येक रेडिओचं बोलायचं बटण प्रत्येक बँडवर दाबून पाहा, चित्रावर पट्टे येतात का ते बघा. उलटही पाहा, कॅमेऱ्यानं रेडिओचा आवाज खाल्ला का.

नाकात लोखंड आणि विजेच्या तारा वाढल्या की चुंबकीय होकायंत्राचं स्विंगिंग (वेगवेगळ्या दिशांना वळवून चूक तपासणं) पुन्हा करायचं. हे हमखास विसरलं जातं आणि वरचा हेडिंगचा घोळ बरेचदा इथूनच सुरू होतो.

दगड-वाळूपासून बचाव म्हणून थर्मलसमोर ॲक्रिलिकचं पान लावलेलं मी पाहिलं आहे. साधी काच आणि ॲक्रिलिक थर्मल किरण अडवतात. म्हणून तर तिथे जर्मेनियमसारखी महागडी खिडकी असते, आणि ती कोरड्या फडक्यानं पुसायची नसते, वरचा लेप जातो.

नवा पडदा एनव्हीजीशी (रात्री पाहायच्या गॉगलशी) जुळतो का ते अंधारात गॉगल घालून तपासा. मिल-एसटीडी-३००९ चं (त्या गॉगलशी जुळणाऱ्या प्रकाशाच्या मानकाचं) प्रमाणपत्र पडद्याचं असतं, कोणीतरी नंतर चिकटवलेल्या हिरव्या एलईडीचं नसतं.

रेकॉर्डिंगमध्ये फक्त पडद्यावरचे छापील आकडे साठवू नका. मेटाडेटा (वेळ, जागा, कोन यांची नोंद) वेगळा साठवा, नाहीतर नंतर विश्लेषण करणारा तुम्हाला शिव्या देईल, आणि बरोबरच देईल.

लेझरला ‘चाकांवर वजन’ स्विचचा इंटरलॉक हवाच, म्हणजे जमिनीवर असताना लेझर सुटणार नाही. चाचणीसाठी तो वायरनं जोडून टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

‘ब्रिटिशांनी अकरा आठवड्यांत केलं होतं’

घाईचा विषय निघाला की हे उदाहरण येतंच. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याकडे हवेतून लवकर इशारा देणारं रडार नव्हतं. शेफिल्ड ही विनाशिका क्षेपणास्त्रानं गेली. मग सी किंग हेलिकॉप्टरच्या कुशीला फुगवता येणारा घुमट लावून त्यात सर्चवॉटर रडार बसवलं, तेही अकरा आठवड्यांत. कौतुक करावं तेवढं थोडं. पण दोन गोष्टी सांगायच्या राहतात. रडार नवं नव्हतं, निमरॉड विमानावर सेवेत असलेलं होतं. आणि एवढी धावपळ करूनही ती हेलिकॉप्टरं निघाली तोवर युद्ध संपलं होतं. पुढे त्याच सर्चवॉटर घराण्याचं रडार मर्लिन हेलिकॉप्टरवर बसवायचं ठरलं, क्रोजनेस्ट नावानं. अनुभवी लोक, ओळखीचं रडार, तरी वेळापत्रक वर्षांनी घसरलं आणि प्राथमिक कार्यक्षमता जाहीर झाली ती २०२३ मध्ये.

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाच्या नौदलाची सुपर सीस्प्राइट हेलिकॉप्टरं. १९९७ मध्ये ११ हेलिकॉप्टरांची ऑर्डर, ढाचे १९६० च्या दशकातले, वर नवं रडार, नवा थर्मल, आणि सगळं एकत्र बांधणारं नवंकोरं सॉफ्टवेअर, म्हणजे दोनच माणसांत काम भागेल. सॉफ्टवेअर आणि उड्डाण नियंत्रणाचे प्रश्न सुटता सुटेनात, आणि एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक खर्च झाल्यावर मार्च २००८ मध्ये प्रकल्प रद्द झाला. सेन्सर बसवताय की माणूस कमी करताय, हे आधी ठरवा. दोन्ही एकदम करायला निघालेल्यांना मी फार आशेनं पाहत नाही.

चाचणीची वेळ

स्वीकृतीचं उड्डाण सकाळी लवकर ठेवायची पद्धत आहे, हवा शांत असते म्हणून. पण सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपास जमीन आणि वस्तू यांचं तापमान काही वेळ जवळपास सारखं होतं आणि थर्मलमध्ये सगळं राखाडी दिसतं. त्या तासात पाहून ‘थर्मल कमजोर आहे’ असा शेरा मारू नका, आणि विक्रेत्यानं निवडलेल्या थंड, कोरड्या रात्री पाहून सहीही करू नका. मी तीन वेळा मागतो: भर दुपार, सूर्यास्ताचा तो वाईट तास आणि मध्यरात्र. तिन्ही वेळा तीच खूण, तेच अंतर, पूर्ण झूम, हेलिकॉप्टर एकदा घिरट्या घालताना आणि एकदा एका जागी तरंगताना, कारण तरंगताना कंपनाचा स्वभाव वेगळा असतो. विक्रेता कुरकुर करतो. करू द्या. सहा उड्डाणांचं मूळ रेकॉर्डिंग हातात आल्याशिवाय कागदावर सही नाही.