स्पेस कम्युनिकेशनमध्ये करिअर करायचंय? नाशिकच्या गच्चीवरून सुरू करा

नाशिकची ईअँडटीसीची (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंगची) पोरं भेटली की हमखास विचारतात, सर इस्रोत जायचंय, कुठला कोर्स करू? माझं म्हणणं एकच, आधी स्वतःच्या हाताने एक सॅटेलाइट ऐका, कोर्सचं नंतर बघू.

सामान फार नाही. आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), जुना लॅपटॉप, कोअ‍ॅक्स केबल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या दोन सळया. सळया साधारण ४९ सेंमीच्या कापा, कारण १४५ मेगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ २ मीटरच्या आसपास येते, तिचा पाव भाग आणि त्यातूनही किंचित कमी. १२० अंशांचा व्ही करून जमिनीला आडव्या बांधा, एकीला केबलची मधली तार, दुसरीला केबलची बाहेरची जाळी, आणि दोघी एकमेकींना टेकत नाहीत ना ते मल्टिमीटरने बघून घ्या.

आता आयएसएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्टेशन, कधी डोक्यावरून जाणार ते ट्रॅकिंग अ‍ॅपवर बघा, लॅपटॉपवरच्या एसडीआर सॉफ्टवेअरमध्ये १४५.८२५ मेगाहर्ट्झ लावा आणि थांबा. तिथे बहुतेक वेळा एपीआरएसची (हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या छोट्या डिजिटल संदेशांची) पॅकेट्स चालू असतात, खर्र खर्र असे छोटे आवाज येतात. नीट बघा, स्टेशन वर येताना सिग्नल १४५.८२८ च्या आसपास दिसतो आणि मावळताना १४५.८२२ कडे घसरलेला असतो, हाच डॉप्लर (जवळ येताना फ्रिक्वेन्सी वाढलेली, लांब जाताना कमी झालेली दिसते तो), जो आपण परीक्षेत फॉर्म्युला म्हणून पाठ करतो. क्षितिजावर स्टेशन २००० किमीपेक्षा लांब असतं, डोक्यावर ४०० च्या आसपास, आणि अंतर पाचपट झालं की सिग्नल १४ डीबी, म्हणजे सुमारे २५ पटीने, पडतो. लिंक बजेट, म्हणजे वाटेत किती सिग्नल जातो आणि किती पोहोचतो याचा हिशोब, म्हणतात तो हाच, एकदा असं डोळ्यांनी बघितलं की आयुष्यात विसरत नाही.

सिडकोसारख्या दाट वस्तीत स्वस्त एलईडी आणि चार्जर स्क्रीनवर उभ्या रेघा मारतात. एकेक बंद करून बघा कुठली रेघ जाते, नाहीतर सरळ गंगापूर धरणाच्या बाजूला मोकळ्यात जा.

मग एकदा नाशिक-पुणे रोडवरच्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघून या, ४५ मीटरच्या ३० डिश. १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापरेली लँडरचा सिग्नल इथूनच पकडला होता, आणि त्यातही डॉप्लरच वाचत होते! आपल्या जिल्ह्याच्या शेजारी हे घडलं, मला याचं फार अप्रूप वाटतं.

ट्रान्समिट करायचं असेल तर मात्र हॅम लायसन्स पाहिजे, त्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची एएसओसी (हौशी रेडिओ ऑपरेटरची) परीक्षा द्या, इंजिनिअर व्हायची वाट बघू नका.

नोकरीचं म्हणाल तर इस्रोच्या सायंटिस्ट-इंजिनिअर 'एससी' (ही पदाची श्रेणी, जातीचा प्रवर्ग नव्हे) पोस्टला बीई ६५ टक्क्यांनी लागतं, त्यामुळे मार्क सोडू नका, गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेची तयारीही चालू ठेवा. इस्रोचंच अहमदाबादचं सॅक पेलोड (सॅटेलाइटवरची उपकरणं) बनवतं, बंगळूरचं इस्ट्रॅक सॅटेलाइटचं ट्रॅकिंग करतं, मुंबईत समीर ही मायक्रोवेव्हवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था आहे, आणि २०२० ला इन-स्पेस या खासगी अंतराळ कंपन्यांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची घोषणा झाल्यापासून प्रायव्हेट कंपन्यांनाही दार उघडलंय, हैदराबादची ध्रुव स्पेस सॅटेलाइटसोबत ग्राउंड स्टेशनही करते. अर्ज करताना गच्चीवरची रेकॉर्डिंग्ज, अँटेनाचे फोटो, डॉप्लरचा ग्राफ जोडा आणि त्यातल्या प्रत्येक आकड्यावर इंटरव्ह्यूत बोलायची तयारी ठेवा.