जुन्या कोडमधली विचित्र ओळ खोडण्यापूर्वी

जुना कोड हाती आला की तो नव्याने लिहून काढण्याची ऊर्मी येते. ती निदान महिनाभर आवरावी, कारण शिकण्यासारखे बरेचसे आपल्याला न पटणाऱ्या ओळींतच दडलेले असते.

समजा, पेन्शनचा हिशेब करणाऱ्या पायथन प्रोग्रॅममध्ये जन्मतारीख वाचून झाल्यावर ‘वर्ष चालू वर्षापेक्षा मोठे असेल तर १०० वजा करा’ अशी एक ओळ आहे. भविष्यात कोणाचा जन्म कसा झाला असेल, असे म्हणून ती खोडण्याचा मोह होतो. मात्र जुन्या फायलींत वर्ष दोनच अंकी असते आणि पायथनचे स्ट्रपटाइम (strptime) हे मजकुरातली तारीख वाचणारे फंक्शन ६९ ते ९९ हे आकडे १९६९ ते १९९९ असे, तर ०० ते ६८ हे २००० ते २०६८ असे वाचते. म्हणजे १९६५ साली जन्मलेल्याचे जन्मवर्ष २०६५ होते, आणि पेन्शनच्या दारात आज उभा असतो तो नेमका हाच माणूस.

अशी ओळ दिसली की आधी कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटची ब्लेम ही आज्ञा चालवून ती शेवटची कोणत्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, बदलली ते पाहावे. पुष्कळदा तिथे कोणीतरी नुसता कोड नीटनेटका केल्याचीच नोंद सापडते. तेव्हा गिट लॉग या आज्ञेला मोठ्या अक्षरातला एस (-S) हा पर्याय देऊन त्या मजकुराचा मूळ कमिट शोधावा. तरीही कारण कळले नाही तर हिशेब विभागातल्या जुन्या माणसाला विचारावे. संकोच वाटतो, पण वेळ वाचतो.

त्यानंतर कोडला हात न लावता टेस्ट (कोडचे उत्तर तपासणारे छोटे प्रोग्रॅम) लिहाव्यात. प्रोग्रॅमने काय करायला हवे ते इथे ठरवायचे नाही, तो आज काय करतो तेवढेच नोंदवायचे. ००, ६८, ६९ आणि चालू वर्षाचे शेवटचे दोन अंक, अशी काठावरची वर्षे मुद्दाम द्यावीत. चुकीचे उत्तरही आहे तसेच टेस्टमध्ये ठेवावे, कारण पुढचा एखादा रिपोर्ट त्यावरच विसंबून असू शकतो. नावे बदलणे आणि वागणूक बदलणे यांचे कमिट वेगळे ठेवावेत.

या टेस्टमध्ये त्या ओळीचीही मर्यादा उघडी पडते. १९२४ साली जन्मलेल्या पेन्शनराचे ‘२४’ हे २०२४ ठरते, ते चालू वर्षापेक्षा मोठे नसल्याने १०० वजा होत नाहीत आणि शंभरी ओलांडलेली व्यक्ती तान्हे बाळ ठरते. दुरुस्ती करताना ‘तारीख सुधारली’ एवढाच कमिट मेसेज न देता ‘दोन अंकी वर्ष, शंभरीपुढच्या पेन्शनरांसाठी नोकरीला लागल्याच्या वर्षाशी पडताळले’ असे कारणासकट लिहावे.