सा सरकला, बाकी काय बदललं?

रेकॉर्डिंग सेशनला वाजवायला नव्याने येणारी मुलं हमखास विचारतात, "दादा, स्वतःचा बँड कधी काढायचा?" मी त्यांना एरिया कोड ६१५ ऐकायला लावतो.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या टेलिफोन कोडवरून नाव घेतलेला हा १९६९ चा बँड. माणसं सगळी मुरलेली सेशनवाली. हार्मोनिकावर चार्ली मॅकॉय, ड्रम्सवर केनी बट्री, गिटारवर वेन मॉस आणि मॅक गेडन, बॅन्जोवर बॉबी थॉम्पसन. मॅकॉय, बट्री आणि मॉस तर बॉब डिलनच्या १९६६ च्या 'ब्लाँड ऑन ब्लाँड' अल्बमवरही आहेत. वाजवणं असं की आपलं वाद्य गुपचूप पेटीत ठेवावं. तरी दोन अल्बम करून कारभार आटोपला. त्यांची 'स्टोन फॉक्स चेस' ही धून बीबीसीच्या 'ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट' या टीव्ही कार्यक्रमाची शीर्षकधून झाली, पण तोवर मंडळी स्टुडिओतल्या आपापल्या खुर्चीवर परत गेली होती.

कारण रोजीरोटीचं. तिथे सेशन तीन तासांचं; सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री पुन्हा दहा. दौऱ्यावर गेलात की खुर्चीवर दुसरा बसतो. हे आपल्याकडेही तसंच.

मॉस आणि गेडननी पुढे बेअरफूट जेरी हा बँड काढला, पहिला अल्बम १९७१ चा. गेडन बँड सोडून गेला, माणसं बदलत राहिली, मॉसने बँड चालवला. नॅशव्हिलच्या मॅडिसन भागात गॅरेजात त्याचा स्वतःचा सिंड्रेला स्टुडिओ होता. माझ्या मते बँड टिकायचं अर्धं कारण तेच, तासाचं भाडं डोक्यावर नाही!

आता कामाचं. जॉर्डनेअर्स या गायकांच्या चमूतल्या नील मॅथ्यूजने कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) नावांऐवजी आकडे लिहायची युक्ती काढली, मॅकॉयने ती वादकांमध्ये रुजवली. माझ्या सुरुवातीच्या एका सेशनला गायिकेने काळी दोन पट्टीतलं गाणं ऐनवेळी पांढरी दोनवर घेतलं. माझ्या कागदावर कॉर्डची नावं. मी खोडत बसलो, सगळे थांबले. पेटीवाले काका म्हणाले, "अरे, सा सरकला, बाकी काय बदललं?" १, ४, ५ म्हणजे सा, म, प. तेव्हापासून आकडेच लिहितो.

आकड्याभोवती पत्त्यातली चौकट काढली असेल, तर कॉर्ड एकदाच छेडायची आणि तिच्या सगळ्या मात्रा संपेपर्यंत घुमू द्यायची. हात आवरून नुसतं मोजायचं. पहिलं वर्षभर मी तिथेच चुकायचो.