विद्यापीठातील मेकरस्पेस : यंत्रांच्या आधी टेबल

विद्यापीठात मेकरस्पेस, म्हणजे विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन हाताने वस्तू बनवण्याची सामायिक कार्यशाळा, उभारायचे ठरले की पहिली बैठक बहुधा यंत्रांच्या यादीतच संपते. ती यादी बाजूला ठेवून आधी खोलीच्या मध्यभागी काय असेल ते ठरवावे. माझ्या मते तेथे यंत्र नव्हे, तर आठ-दहा जण चहूबाजूंनी उभे राहू शकतील असे टेबल असावे. त्याची उंची साधारण 90 सेंटिमीटर असावी, पायांना ब्रेकची चाके लावावीत आणि वीज छतावरून सोडलेल्या सॉकेटमधून द्यावी, म्हणजे टेबल हलवताना वायर पायात येत नाही.

भिंतीत पक्के बसवलेले फर्निचर शक्यतो टाळावे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात 1943 साली युद्धाच्या घाईत बांधलेली ‘बिल्डिंग 20’ ही लाकडी इमारत तात्पुरती म्हणून उभी राहिली आणि 1998 पर्यंत वापरात होती. तेथे संशोधक गरजेप्रमाणे भिंती पाडत, हव्या तिथून तारा ओढत, आणि भिन्न विषयांची माणसे शेजारी-शेजारी काम करत.

धूळ आणि आवाज मात्र वेगळे काढलेच पाहिजेत. लाकूड कापणाऱ्या सीएनसी राउटरचा (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या कापयंत्राचा) बारीक भुसा थ्रीडी प्रिंटरवर आणि सोल्डरिंगच्या टेबलावर बसतो, म्हणून मध्ये भिंत हवी, पण ती काचेची. आतले काम दिसले तरच जाणारा-येणारा थांबून चौकशी करतो. लेझर कटरचा धूर इमारतीबाहेर काढावा आणि तो चालू असताना कोणीतरी जवळ थांबावे, कारण अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक पेट घेऊ शकते. पीव्हीसी त्यात कधीही घालू नये. त्यातून सुटणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्रही गंजवतो. ही सूचना फाइलीत न ठेवता यंत्राच्या झाकणावरच चिकटवावी.

अर्धवट कामांसाठी उघडे रॅक ठेवावेत, कारण दर संध्याकाळी सगळे आवरून घरी न्यावे लागले तर मोठे काम कोणी हाती घेत नाही. प्रत्येक गटाला एक पारदर्शक खोका द्यावा आणि त्यावर गटाच्या नावाखाली ‘कुठे अडले आहे’ अशी एक ओळ लिहायला लावावी. ‘मोटर गरम होते’ एवढे वाचूनही विद्युत विभागाचा एखादा विद्यार्थी थबकतो.

आराखडा पक्का करण्यापूर्वी रिकाम्या खोलीत चिकटपट्टीने टेबले व यंत्रांच्या चौकटी आखाव्यात आणि 8 बाय 4 फुटांची प्लायवुडची अखंड शीट दोघांनी उचलून दारापासून राउटरपर्यंत नेऊन पाहावी. ती जिथे अडेल, तिथली चौकट पुसून पुन्हा आखावी.