जुन्या फोटोतली फ्लाइंग बोट कशी ओळखावी

आधी इंजिनं मोजा. दुसऱ्या महायुद्धातल्या समुद्रगस्तीच्या फ्लाइंग बोटींचा, म्हणजे बोटीसारख्या धडावर पाण्यात उतरणाऱ्या विमानांचा, निम्मा गुंता तिथेच सुटतो. दोन इंजिनं आणि धडावर एका जाड खांबावर पेललेला पंख म्हणजे कॅटलिना. चार इंजिनं आणि दुमजली घरासारखं उंच धड म्हणजे शॉर्ट संडरलँड. (चार इंजिनं जपानी कावानिशीलाही असतात, पण तिचं धड अरुंद.)

मग पंखांची टोकं. कॅटलिनाचे फ्लोट (पाण्यावर तोल सांभाळणारे पंखांखालचे पोकळ तरंगक) उड्डाणानंतर वर वळतात आणि पंखांचीच टोकं होतात. संडरलँडचे कायम खाली. हे मी फजिती होऊन शिकले. पहिलं कॅटलिनाचं मॉडेल मी फ्लोट खाली चिकटवून छताला टांगलं, जणू भरारी घेतंय! चार वर्षं कुणी बोललं नाही.

आता कॅटलिनाच्या कमरेचे काचेचे दोन फुगे बघा. माझ्या मते सगळी गोष्ट तिथे आहे. तिथे मशिनगन असे खरी, पण तासन् तास चालायची ती टेहळणी. २६ मे १९४१ला ब्रिटिशांच्या हातून निसटलेली जर्मन युद्धनौका 'बिस्मार्क' एका कॅटलिनालाच पुन्हा दिसली, आणि दुसऱ्या दिवशी ती बुडाली. ४ एप्रिल १९४२ला सिलोनच्या कोग्गलाहून निघालेल्या कॅनेडियन वैमानिक लेनर्ड बर्चल यांना जपानी आरमार दिसलं. त्यांची कॅटलिना पाडली गेली, पण त्याआधी बिनतारी इशारा सुटला होता. कोलंबोवर हल्ला झाला तो दुसऱ्या दिवशी.

रंगही बोलतो. पोट पांढरं, कारण गडद विमान आभाळावर पाणबुडीच्या पहारेकऱ्याला लांबूनच दिसतं. कॅटलिना पूर्ण काळी असेल तर ती बहुतेक प्रशांत महासागरातल्या रात्रीच्या कामाची.

संडरलँडच्या पंखाखाली काही लटकत नाही म्हणून तिला निःशस्त्र समजू नका. धडाचा तळ पाण्यात, तिथे बॉम्बची दारं ठेवणार कशी? डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे, पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) आतच रुळांवर टांगलेले असत आणि हल्ल्याच्या वेळी बाजूच्या झडपांतून पंखाखाली सरकवत. पाठीवर खांबांची रांग दिसली तर ती रडारची अँटेना.

किनाऱ्यावरच्या फोटोतली चाकं मात्र फसवतात. बोट पाण्याबाहेर ओढायला सुटी चाकं लावत, पाण्यात गेली की काढत. कॅटलिना उभयचर आहे का, हे ठरवायला धडाच्या बाजूला चाक आत जाण्याचा गोल खळगा शोधा.