एआयच्या भरवशावर वेबसाइट उभी करताना या चुका टाळा

नाशिकमध्ये वेबसाइट बनवणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही गंगापूर रोडवर एका सदस्याच्या कार्यालयात बसतो आणि एरवी व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांच्या अडचणी सोडवतो. कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या साइट सांभाळतो, कोणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदारांच्या, कोणी येवल्याच्या पैठणी विक्रेत्यांच्या. 2027 च्या सिंहस्थामुळे सध्या पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर परिसरातल्या लॉज, भक्तनिवास आणि घरगुती मुक्कामाच्या साइटचे काम सर्वांत जास्त आहे. त्या कामाच्या ओढीने गटात नवी मुले भराभर येत आहेत, आणि बहुतेक जण एआयकडून कोड लिहून घेऊनच पहिली साइट उभी करतात.

माझा त्याला विरोध नाही; मी स्वतः रोज ही साधने वापरतो. मात्र 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले, तेव्हापासून गटात येणाऱ्या प्रश्नांची जातच बदलली आहे. पूर्वी लोक "हे कसे करायचे?" असे विचारत, आता "हे केले आहे, पण का बिघडले ते सांगा" असे विचारतात, आणि जे केले आहे ते त्यांनी स्वतः वाचलेले नसते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा निस्तरल्यावर त्या एकदा नीट लिहून काढाव्यात असे वाटले.

चालले म्हणजे झाले, असे समजणे

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

मागच्या एका बैठकीत गटातल्या एका तरुणाने पंचवटीतल्या एका भक्तनिवासासाठी केलेले खोली आरक्षणाचे प्लगइन (वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) दाखवले. संपूर्ण कोड एआयने लिहिलेला होता, आणि काम दिसायला खरोखर देखणे होते. तारीख निवडा, खोली निवडा, नाव आणि मोबाइल क्रमांक भरा, आधार कार्डाचा फोटो चढवा, की आरक्षणाची पावती समोर. "दादा, तीन दिवसांत झालं सगळं," तो म्हणाला. पावतीच्या लिंकच्या शेवटी 118 हा आकडा होता. मी त्याचा लॅपटॉप पुढे ओढला, 118 च्या जागी 117 लिहिले आणि एंटर दाबले. पडद्यावर दुसऱ्याच एका कुटुंबाची पावती उघडली: नाव, मोबाइल क्रमांक, किती माणसे, कोणत्या तारखा आणि आधार कार्डाच्या दोन्ही बाजू. 116 लिहिल्यावर तिसरे कुटुंब दिसले. खोलीत कोणी काही बोलले नाही.

कोडमध्ये तपासणी नव्हती असे नाही. पावती पाहणाऱ्याने लॉगिन केले आहे की नाही, एवढे एआयने तपासले होते. ती पावती त्याच माणसाची आहे का, हे मात्र तपासले नव्हते, कारण तसे कोणी सांगितले नव्हते. भर म्हणून आधारचे फोटो वर्डप्रेसच्या नेहमीच्या अपलोड फोल्डरमध्ये पडत होते. त्या फोल्डरमधली फाइल लिंक माहीत असलेल्या कोणालाही लॉगिन न करता उघडता येते.

दुपारी चारला सुरू केलेले निस्तरण्याचे काम रात्री नऊला संपले. आधी पावतीचे पान बंद केले. मग सर्व्हरवरचे आधारचे फोटो पुसले आणि त्यांच्या प्रती आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्येही गेल्या असणार, हे लक्षात आल्यावर तेही शोधून काढले. त्यानंतर कोणी ओळीने आकडे बदलून पावत्या पाहिल्या आहेत का, हे कळावे म्हणून सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोणते पान कधी उघडले गेले याची नोंद, चाळला. होस्टिंगवर फक्त शेवटच्या सात दिवसांचा लॉग शिल्लक होता आणि त्यात तसे काही आढळले नाही. त्याआधीच्या पाच आठवड्यांत काय घडले, हे कोणालाच कधी कळणार नाही. भक्तनिवासाच्या मालकांना त्याच संध्याकाळी कळवायचे आणि तो फोन त्या मुलानेच करायचा, असा मी आग्रह धरला. त्याने फोन केला, घडले ते न लपवता सांगितले, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

माझी यावरची सवय साधी आहे. साइट मालकाच्या हाती देण्यापूर्वी मी दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या नावांनी लॉगिन करतो, एकाच्या पानाची लिंक दुसऱ्यात टाकतो, लिंकमध्ये दिसेल तो प्रत्येक आकडा बदलून पाहतो आणि शेवटी लॉगिन न करता हे सगळे पुन्हा करतो. अर्धा तास जातो. मग ज्या एआयने कोड लिहिला त्यालाच नव्या संभाषणात तो कोड देऊन "यातून एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याला कशी दिसू शकेल?" असे विचारतो. पुष्कळदा तेच साधन स्वतःची चूक दाखवून देते. फक्त तो प्रश्न माणसाला सुचावा लागतो. आणि आधार कार्ड वेबसाइटवर घेऊच नये, हे माझे ठाम मत आहे. पाहुणे आल्यावर काउंटरवर ओळखपत्र बघता येते. जी माहिती आपण गोळाच केली नाही ती आपल्याकडून फुटत नाही. गोळा केलेली माहिती सांभाळण्याची जबाबदारी 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने गोळा करणाऱ्यावर टाकली आहे, आणि कोड एआयने लिहिला होता हे सांगून ती टळत नाही.

एआयकडून कोड लिहून घ्यायचा आणि तो न वाचताच पुढे जायचे, याला नवे लोक हल्ली अभिमानाने 'व्हाइब कोडिंग' म्हणतात. तो शब्द एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये एका पोस्टमधून रूढ केला. शनिवार-रविवारी करून सोडून द्यायच्या छोट्या प्रकल्पांसाठी ही पद्धत ठीक आहे, असे त्यांनी त्याच पोस्टमध्ये म्हटले होते. लोकांनी शब्द उचलला आणि ती अट मागे ठेवली. यात्रेकरूंचे पैसे आणि ओळखपत्रे घेणारी साइट सोडून देण्याजोगी नसते.

स्वतः न तपासलेले उत्तर दुसऱ्याला देणे

येवल्याच्या एका पैठणी दुकानाची साइट सांभाळणाऱ्या आमच्या एका ताईंनी एकदा रात्री गटावर विचारले की चौकशीचा फॉर्म अपडेटनंतर दिसत नाही. दोन मिनिटांत एका सदस्याने सात मुद्द्यांचे सुबक उत्तर टाकले. ते एआयचे होते, पण तसे त्याने लिहिले नव्हते. चौथा मुद्दा होता: प्लगइन डिलीट करून पुन्हा इन्स्टॉल करा. ताईंनी तसे केले. फॉर्म परत आला, पण त्यात साठलेल्या आठ महिन्यांच्या चौकश्या गेल्या: कोणाला कोणत्या रंगाचा पदर हवा, कोणाचे लग्न कधी, कोणाला दिवाळीनंतर फोन करायचा. बॅकअप नव्हता.

वर्डप्रेसमध्ये प्लगइन निष्क्रिय करणे आणि डिलीट करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. निष्क्रिय केल्यावर त्याची माहिती डेटाबेसमध्ये तशीच राहते. डिलीट करताना मात्र प्लगइनने सोबत ठेवलेला सफाईचा कोड चालतो, आणि काही प्लगइन त्यात आपली सगळी नोंद पुसून टाकतात. ज्याने हे एकदा स्वतः भोगले आहे तो "डिलीट करा" हे शब्द लिहिण्यापूर्वी थांबतो आणि आधी बॅकअपचे विचारतो. एआयने ते विचारले नाही, आणि उत्तर चिकटवणाऱ्यानेही नाही.

ही अडचण फक्त आमच्या गटाची नाही. 2008 पासून जगभरच्या प्रोग्रामरांचा आधार असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटने चॅटजीपीटी आल्यानंतर आठवड्याभरातच, डिसेंबर 2022 मध्ये, चॅटजीपीटीने लिहिलेली उत्तरे टाकण्यास मनाई केली. कारण असे दिले होते की ही उत्तरे दिसायला बरोबर वाटतात, त्यांत चुकांचे प्रमाण मोठे असते आणि ती तयार करायला काहीच श्रम लागत नाहीत, त्यामुळे तपासणाऱ्या स्वयंसेवकांवर त्यांचा ढीग कोसळतो. ताईंच्या बाबतीत नेमके हेच घडले. ज्याला एआयचे उत्तर हवे आहे त्याच्याही फोनमध्ये एआय आहेच. तो गटावर विचारतो तेव्हा हे काम पूर्वी केलेल्या माणसाचा शब्द त्याला हवा असतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही उत्तराच्या सुरुवातीला "स्वतः करून पाहिले आहे" किंवा "करून पाहिलेले नाही, एआयचे उत्तर आहे" असे लिहिण्याची पद्धत पाडली. काही जणांना ती जाचक वाटली आणि दोघे गट सोडून गेले. ते गेल्याचे मला वाईट वाटते, पण पद्धत बदलावी असे वाटत नाही.

याच चुकीची दुसरी बाजू म्हणजे अडचण सुटल्यावर "झालं सर, धन्यवाद" एवढेच लिहून निघून जाणे, किंवा मुळात गटावर न विचारता एकट्यानेच एआयशी बोलून मोकळे होणे. कसे सुटले हे लिहिले नाही, तर तीच अडचण पुढच्या महिन्यात दुसऱ्याला आल्यावर हाताशी काहीच नसते. स्टॅक ओव्हरफ्लोवरही नव्या प्रश्नांची संख्या गेल्या काही वर्षांत झपाट्याने घटली आहे. ही साधने जे शिकली त्यातले बरेचसे अशा ठिकाणी माणसांनी फुकट लिहून ठेवलेल्या उत्तरांतून शिकली आहेत. वर्डप्रेसही 2003 मध्ये माइक लिटल आणि मॅट मुलनवेग यांनी बंद पडत चाललेल्या एका मुक्त प्रकल्पाचा कोड उचलून उभे केले. तो कोड सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला होता म्हणूनच ते शक्य झाले. त्यामुळे सुटलेली अडचण चार ओळींत लिहून ठेवणे हे मी कामाचाच भाग मानतो, आणि ग्राहकाला वेळेचा अंदाज देताना त्यासाठीचा वेळ धरतो.

मराठी मजकूर एआयकडून घेऊन तसाच लावणे

निफाडकडच्या एका बागायतदारांच्या साइटवर मी "वर्षभर ताजी, रसाळ द्राक्षे" असे वाचले. नाशिकच्या द्राक्षाचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल असतो, आणि ऑक्टोबरमध्ये तर बागेत गोडी छाटणी चाललेली असते. त्या साइटमुळे त्यांना ऐन पावसाळ्यात सहलीसाठी फोन येत होते आणि प्रत्येकाला नाही म्हणावे लागत होते. मजकुराचे मराठीही हिंदीच्या वळणाचे होते. त्यांच्या बोलण्यात बाग, छाटणी, घड आणि माल असे शब्द असतात, आणि साइटवर "द्राक्षांची शेती केली जाते" असे लिहिलेले होते.

मी मालकासोबत बागेत फिरतो, त्याच्या परवानगीने दहा मिनिटे बोलणे रेकॉर्ड करतो आणि त्यातूनच मजकूर लिहितो. शुद्धलेखन तपासायला एआयची मदत घेतो, शब्द मात्र त्या माणसाचेच ठेवतो.

इथे एक बारीक तपशील जवळजवळ सगळ्यांकडून सुटतो. एआयने दिलेल्या पानाच्या कोडमध्ये अगदी सुरुवातीला असलेली भाषेची खूण बहुधा इंग्रजीची असते, क्वचित हिंदीची. ती मराठीची, म्हणजे 'mr' (एमआर) अशी करा. 'ल' आणि 'श' या अक्षरांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि नोटोसारखे काही देवनागरी फाँट ती खूण पाहूनच मराठी वळण दाखवतात. अंध वाचकांसाठी पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही कोणत्या भाषेचा आवाज लावायचा हे त्यावरूनच ठरवते. डीटीपीवाल्याकडून आलेला श्रीलिपीतला (छपाईच्या जुन्या मराठी फाँटमधला) मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या, नाहीतर पानावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते.

आणखी काही चुका, थोडक्यात

चालू साइटवर प्रयोग करू नका. चाचणीसाठी साइटची प्रत करा. बऱ्याच होस्टिंगवर ती एका बटणावर होते.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर गेला की दोन्ही जातात. आणि परत चढवून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअपमध्ये मोजत नाही.

डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल एआयला चिकटवू नका. चिकटवली असेल तर पासवर्ड आजच बदला.

एआयने सुचवलेले प्लगइन किंवा कोडचे पॅकेज खरोखर अस्तित्वात आहे का, ते अधिकृत संग्रहात शोधा. ही साधने न असलेली नावे आत्मविश्वासाने सांगतात, आणि अशा काल्पनिक नावांनी कोणी घातक पॅकेज चढवून ठेवू शकतो, असा इशारा सुरक्षेचे अभ्यासक देत आले आहेत.

मोबाइलवर काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रामकुंडावर गर्दीच्या दिवशी नेटवर्क कसे असते, ते एकदा तिथे उभे राहून पाहा.

लॉजच्या खोल्यांची चित्रे एआयकडून बनवून लावू नका. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला चित्रातली खोली मिळत नाही, तेव्हा ती सरळ फसवणूक असते. अशी साइट मी हाती घेत नाही.

शेवटची चूक प्रश्न विचारण्याची. "साइट चालत नाही, तातडीने मदत करा" या वाक्यावर कोणालाच मदत करता येत नाही. वर्डप्रेस आणि पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिची) आवृत्ती, शेवटचा बदल कोणता केला, नेमका कोणता संदेश दिसतो आणि डीबग लॉगमधल्या, म्हणजे बिघाडांची नोंद ठेवणाऱ्या फाइलमधल्या, शेवटच्या दहा ओळी एवढे लिहून पाठवा. त्या ओळींत पासवर्ड किंवा ग्राहकाची माहिती नाही ना, ते आधी पाहा. काम झाल्यावर लॉग बंद करा आणि ती फाइल पुसा, कारण ती नेहमीच्या जागी राहिली तर बाहेरच्या कोणालाही उघडता येऊ शकते. कोड एआयचा असेल तर तसे सांगा आणि त्याला काय विचारले होते तेही जोडा, कारण बिघाडाचे मूळ पुष्कळदा त्या प्रश्नातच सापडते. एवढे करूनही सुटले नाही, तर रविवारी लॅपटॉप घेऊन या. चार्जर आणि होस्टिंगचे लॉगिन सोबत असू द्या.