फ्रीजरशिवाय पॉट आइस्क्रीम, आणि बर्फात मीठ का घालायचं

लहानपणी मे महिन्यात घरी पॉट (आइस्क्रीमचा हाताने फिरवायचा डबा-बादली) काढला की मोठी माणसं बर्फावर मुठी भरभरून जाडं मीठ टाकायची, आम्हाला वाटायचं बर्फ लवकर वितळू नये म्हणून टाकतात. झालं उलटंच, मिठाने बर्फ भराभर वितळतो, आणि तो वितळतो म्हणूनच आतलं आइस्क्रीम गोठतं.

पॉट नसला तरी चालतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या आणि तो मावून भोवती चार बोटं जागा राहील अशी बादली. अर्धा लिटर दूध आटवून गार करा, त्यात 100 ग्रॅमच्या आसपास साखर, हवा तर आंब्याचा रस. डबा अर्धाच भरा. बाहेर 2 किलो कुटलेला बर्फ आणि अर्धा-पाऊण किलो जाडं मीठ, थरावर थर. बारीक मीठ एकदम विरघळून तळाशी जातं, म्हणून जाडंच बरं. बादलीला गोणपाट गुंडाळा नाहीतर बर्फ आपल्या दुधाऐवजी अख्खी खोली गार करत बसेल.

आता मीठ करतं काय ते बघा. 0 डिग्रीला बर्फाचं पाणी होणं आणि पाण्याचा परत बर्फ होणं दोन्ही सारख्या वेगाने चालू असतं. पाण्यात मीठ विरघळलं की परत बर्फ होणं मंदावतं, पण वितळणं थांबत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी उष्णता लागते, ती तो आजूबाजूने म्हणजे आपल्या डब्यातून ओढतो, आणि तापमान खाली खाली जातं. मिठाचं प्रमाण अगदी बरोबर 23 टक्क्यांच्या आसपास असेल तर मायनस 21 पर्यंत, त्याखाली मिठाने जाता येत नाही. घरात तेवढं होत नाही, पण मायनस 10-15 सहज मिळतं, डब्याला बाहेरून पांढरं दव धरतं तेव्हा समजायचं काम चालू झालं.

नुसत्या बर्फात का नाही होत? कारण दुधातल्या पाण्यातही मुळातच विरघळलेल्या गोष्टींची "भेसळ" आहेच! साधं दूध मायनस 0.54 च्या आसपास गोठतं (डेअरीत पाणी घातलेलं दूध यावरूनच पकडतात, पाणी जास्त तर आकडा 0 कडे सरकतो), आणि साखर घातली की गोठायला सुरुवातच मायनस 2 च्या जवळ होते. लिटरभर पाण्यात 342 ग्रॅम साखर घातली तर गोठणबिंदू 1.86 डिग्री उतरतो, मिठाने जवळपास तेवढंच काम 30 ग्रॅममध्ये होतं, कारण मोजायचं असतं ते विरघळलेल्या कणांची संख्या, आणि मिठाचे तर पाण्यात दोन तुकडे होतात. म्हणून साखर सढळ हाताने टाकू नका, आइस्क्रीम पातळच राहील.

डबा उलटसुलट फिरवत राहा, दर पाच-सात मिनिटांनी उघडून कडेचं खरवडून मधलं बाहेर आणा. गोठतं ते फक्त पाणी, साखर मागे राहते आणि उरलेला पाक अजून गोड, अजून गोठायला अवघड होत जातो. शाळेबाहेरची पेप्सी (प्लास्टिकच्या नळीतला रंगीत गोड बर्फ) आठवा, रंग-साखर सगळी चोखून संपायची आणि हातात पांढरा बेचव बर्फ उरायचा. ढवळलं नाही तर डब्यात तेच होतं, करकरीत खडे. साधारण 40 मिनिटं धरा.

झाकण उघडायच्या आधी फडक्याने कडा पुसा. मी एकदा घाईत तसंच उघडलं, दोन चमचे खारं पाणी आत गेलं आणि सगळा आंबा वाया! त्या पाण्यात हात पण घालू नका, 0 च्या बर्फापेक्षा कितीतरी जास्त झोंबतं.

खारं पाणी कुंडीत ओतायचं नाही, झाडं मरतात. परातीत उन्हात ठेवा, मे महिना आहेच, दोन-चार दिवसात मीठ परत मिळतं, पुढच्या पॉटला चालतं.